नावं नसलेल्यांची पाटी

मित्रांनो, पितळेच्या पाटीने कुरकुर करू नये म्हणतात. पण मी आता पुरती वैतागले आहे.

महायुद्ध संपलं तेव्हा सिंगापूर मोडून पडलं होतं. ते पुन्हा उभं करायला सरकारने लोकांकडून कर्ज घेतलं. इथल्या हमालांनी, शिंप्यांनी, चहावाल्यांनी पोटाला चिमटा काढून त्यात पैसे घातले. त्यांच्या सन्मानासाठी मला ओतलं आणि वस्तीच्या सभागृहात बसवलं. त्या दिवशी बँड वाजला. कितीतरी जण माझी अक्षरं बोटांनी चाचपून गेले.

पुढे सभागृह पाडून बुओना व्हिस्टा भागातला हा कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची सोसायटी, झाला. माझी भिंत तेवढी ठेवली, लिफ्टशेजारी. तिथून माझे हाल सुरू झाले. लोक माझ्यात बघून केस सारखे करतात. ट्यूशनच्या जाहिराती चिकटवतात. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बिल्डरचं नाव असेल." बिल्डरचं म्हणे.

गेल्या महिन्यात कॉन्डोचा सेक्रेटरी शैलेंद्र कंत्राटदाराला घेऊन आला. जवळच्या वन-नॉर्थ टेक पार्कमध्ये मोठा इंजिनीअर आहे तो. मला काढून त्याला पार्सलचे लॉकर बसवायचे होते.

"इथेच ड्रिल, कॅन?" चालेल ना, असं कंत्राटदार टॅन अंकलनी त्यांच्या सिंगापुरी ढंगात विचारलं.

तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या मधुवंतीताई लिफ्टमधून उतरल्या.

"शैलेंद्र, ही पाटी काढतोयस?"

"ताई, नोटीस लावली होती. कुणाचीच हरकत आली नाही."

"तू वाचलीस का कधी?"

नव्हती वाचली. रोज माझ्यासमोर उभा राहणारा माणूस. मग वाकून त्याने वाचलं, "युद्धानंतरच्या सरकारी कर्जाला हातभार लावणाऱ्या या वस्तीच्या रहिवाशांना कृतज्ञतापूर्वक." तो वळला. "नावं कुठे आहेत?"

"सगळ्या वस्तीनेच पैसे दिले, किती नावं घालणार?"

"मग विचारायचं तरी कुणाला?"

"विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून हरकत आली नाही," ताई म्हणाल्या. "त्याला तू होकार समजतोस?"

शैलेंद्र टॅन अंकलकडे वळला. म्हणाला, "अंकल, ही भिंत नको. समोरची घ्या."

"तिथे पाइप आहे, लाह. काम वाढणार," टॅन अंकल कुरकुरले.

"वाढू दे."

मित्रांनो, मला हार नकोत, पॉलिशही नको. अशी एखादी पाटी दिसली तर क्षणभर थांबा आणि वाचा. मोठ्याने वाचलीत तर फारच बरं. त्या माणसांसाठी बोलायला आमच्याशिवाय कुणी नाही.