मागुरा घाटावरचा पाऊस

दोम्निकाने पाना नवऱ्याच्या हातात कोंबला आणि ती जॅकवर उचललेल्या लाल गाडीला टेकून उभी राहिली.

"बोल याकोब, कुठले चढवायचे?"

एका बाजूला कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर होते, दुसऱ्या बाजूला खोल खाचांचे पावसाळी. घाट चढून माथ्यावर पोचायची शर्यत आता सुरू होणार होती. खाली लख्ख ऊन होतं, पण मागुराच्या माथ्याला एक काळा ढग चिकटला होता.

"तूच ठरव ना," याकोब पुटपुटला. "माझं कधी बरोबर आलंय?"

यात खोटं काही नव्हतं. त्याने घरच्या गाडीला हिवाळी टायर चढवले, की सगळं गाव ओळखायचं, अजून महिनाभर ऊन आहे. मागच्या वर्षी त्याच्या सांगण्यावरून गुळगुळीत टायरांवर निघालेली दोम्निका पहिल्याच सरीत घसरून चरात जाऊन बसली. तिला खरचटलंही नाही, पण याकोबची पार उमेद गेली. आजही तो कसाबसा आला होता. आज चुकलो तर यापुढे घरीच बसेन, असं वाटेतच सांगून ठेवलं होतं त्याने. आणि तो नसेल, तर दोम्निकाला शर्यतीत काडीचा रस नव्हता.

"तूच सांगायचं," ती म्हणाली.

याकोबने ढगाकडे पाहिलं. "पावसाळी."

शेजारच्या गाडीखालून तीतुसने डोकं बाहेर काढलं. घाटात दोम्निकाशी त्याची जुनी चुरस.

"याकोबदादा, देव तुझं भलं करो! ए, गुळगुळीत चढवा रे सगळे! आज थेंब पडत नाही!"

सगळे खो खो हसले. दोम्निकाने पावसाळीच टायर चढवून घेतले.

थेंब पडला नाही. ढग नुसताच बसून राहिला. कोरड्या डांबरावर टायर तापून मऊ पडले, गाडी वळणावळणाला डुलू लागली आणि एरवी पहिल्या तिघांत असणारी दोम्निका सहावी आली. माथ्यावर बाकीचे थांबले होते. शर्यत संपली की सगळ्यांनी रांगेने एकत्र उतरायचं, ही तिथली रीत.

तिने हेल्मेट काढलं, झऱ्याच्या हौदाशी पडलेली बादली उचलली, भरली आणि आपल्या गाडीच्या टपावर ओतली. मग आणखी एक.

"वहिनी, डोकं फिरलं का?" तीतुसने विचारलं.

"पाऊस पडतोय," ती म्हणाली. "दिसत नाही तुला?"

तीतुसने आधी तिच्याकडे पाहिलं. मग त्याने खाली, याकोब वाट बघत होता त्या बाजूला पाहिलं आणि तिच्या हातातली बादली हिसकावून घेतली.

"चांगलाच धरलाय की! अरे, बघता काय? भिजा सगळे!"

गाड्या उतरल्या त्या निथळत, वायपर फिरवत. तळाशी याकोब हात चोळत उभा होता.

"वर पाऊस होता?"

"धो धो," दोम्निका म्हणाली. "तुझ्यामुळे वाचले. नाहीतर होतेच पुन्हा चरात."

मागे तीतुस सदरा पिळत होता. "यापुढे आपण दादाचंच ऐकणार बाबा!"

याकोब पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. खाचांच्या कडा तापून फाटल्या होत्या, रबराच्या गोळ्या झाल्या होत्या. पावसात टायरची अशी दशा होत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. एक गोळी त्याने नखाने खरवडून काढली आणि हळूच खिशात टाकली. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"कसला पाऊस म्हणायचा हा!" तो म्हणाला. "पुढच्या शर्यतीला छत्री घेऊनच येतो."