ठिबकावर तरलेली पेटी

द्वारका चौकाजवळच्या कांदा बाजार संस्थेच्या कचेरीत चपला दाराबाहेर काढायची प्रथा सोमवारी सुरू झाली. आत चौरंगावर एक काळी पेटी, तिच्यावर झेंडूचा हार. संस्थेचे संचालक आणि संगणकशास्त्राच्या पदव्या मिळवलेले तरुण हात जोडून उभे होते. पेटी नोंदीमागून नोंद साठवत होती. पडद्यावरची वेग दाखवणारी हिरवी रेघ तसूभरही ढळत नव्हती.

"हे यंत्र नव्हे, साधक आहे," येवल्याच्या पैठणीचा काठ लावलेले उपरणे सावरत, पेटी घेऊन आलेले नाना महाराज म्हणाले. "त्याला घाई करू नका. एका लयीत द्या, एका लयीत घेईल."

मयुरेश भिंतीला टेकून पाहत होता. संस्थेच्या नोंदी वर्षानुवर्षे त्याने उभारलेल्या यंत्रणेवर साठत आल्या. तिला कुणी फूलही वाहिले नव्हते. त्याहून टोचत होते ते हे, की त्यानेच हाताखाली शिकवून घडवलेली वेदिका हात जोडून पहिल्या रांगेत उभी होती.

गुरुवारपासून लिलावाच्या नोंदी पेटीवर जाणार होत्या. पेटी अडली तर वजने अडतील आणि कांद्याच्या ट्रॉल्या उन्हात खोळंबतील. मयुरेशने सोमवारीच दुपारी पेटीवर नोंदींचा अखंड पूर सोडला. पेटी कोलमडली.

"दृष्ट लागली," नाना हळुवारपणे म्हणाले. "मत्सराची."

"मयुरेशराव, तुमचं पोट दुखतंय ते समद्यांना दिसतंय," अध्यक्षा अनसूयाताई म्हणाल्या. "पेटीतला दोष दाखवायला आणखी एक संधी देते. त्यात नाय जमलं, तर यंत्रणेच्या चाव्या वेदिकाकडं द्या."

जिन्यात वेदिकाने त्याला गाठले. "सर, त्या पुरात आपली यंत्रणाही बुडाली असती. तुम्हाला पेटी तपासायची नव्हती, मारायची होती."

हे खरे होते, म्हणूनच त्याला ते सहन झाले नाही. तरीही मंगळवारी सकाळी दोघे बाजार आवारात गेले. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपुढे थांबून बोली लावत होता. तोवर वजनाचा भुईकाटा ओस. मग रांग सुटली आणि सगळे ट्रॅक्टर एकदमच काट्यावर येऊन थडकले, वजनांच्या नोंदीही एकदमच. पुन्हा शांतता. पुढचा लोंढा मात्र अपेक्षेआधी आला, आणि आधीपेक्षा मोठा.

"नानांची एका लयीतली चाचणी म्हणजे निफाडच्या द्राक्षबागेतलं ठिबक," वेदिका म्हणाली. "तुमची म्हणजे धरणफुटी. इथं दोन्हीही नाही."

त्यांनी तशीच चाचणी रचली. एकूण नोंदी नानांच्या चाचणीइतक्याच. पण कधी लोंढा, कधी खंड, आणि दोहोंचे माप दर वेळी वेगळे. मयुरेशच्या यंत्रणेलाही तीच परीक्षा.

बुधवारी कचेरी पुन्हा भरली.

"लय मोडू नका," नानांनी बजावले.

"महाराज, लिलावाला कुठं लय असती?" अनसूयाताई म्हणाल्या. "चालव गं, वेदिका."

पहिला लोंढा पेटीने पचवला. नानांनी स्मित केले. दुसरा लगोलग आला आणि हिरवी रेघ कोसळली. नोंदी ताटकळत राहिल्या. नानांनी कापूर पेटवला. रेघेवर परिणाम झाला नाही. मग जुनी यंत्रणा तपासली; ती मंदावली, पण अडली नाही.

वेदिकाने हार बाजूला ठेवून पेटी उघडली. "पुढं हा छोटा वेगवान कप्पा, मागं या मंद तबकड्या. नोंद आधी कप्प्यात पडते, मग सवडीनं मागं जाते. थेंबथेंब दिलं तर कप्पा कधी भरतच नाही. दोन लोंढे लागोपाठ आले की तुंबतो. असा कप्पा आमच्या यंत्रणेतही आहे, फक्त मागच्या तबकड्या इतक्या मंद नाहीत. लबाडी कप्प्यात नाही. तो भरू न देणाऱ्या चाचणीत आहे."

टाळ्या पडल्या, त्या वेदिकासाठी. मयुरेशला ते पुन्हा टोचले.

"म्हणजे तुमचं खरं होतं," अनसूयाताई त्याला म्हणाल्या.

"माझं पोट दुखतच होतं, ताई, अजूनही दुखतंय," तो म्हणाला. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, नानांवरही नको. चमत्कार करणाऱ्याला परीक्षेच्या अटी ठरवू देऊ नका, आणि त्याच्यावर जळणाऱ्यालाही. ही चाचणी तुमच्या बाजारासारखी आहे का, ते तुम्हीच पाहा. आणि ती पुन्हा चालवा, तुमच्या हातानं."

अनसूयाताईंनी खुर्ची वेदिकाशेजारी ओढली. "कुठं दाबायचं, दाखव."