इटलीची अमानत

जगाचा इतिहास दोनच गोष्टींवर उभा आहे: युद्ध आणि विश्वास. धुळ्यात या दोन्ही गोष्टी रिखबचंद शेठच्या किराणा दुकानात, तुपाच्या डब्यांमागे, एका बाटलीत भरून ठेवल्या होत्या. शेजारी उंदराचा पिंजरा होता.

बाटली सोनगीरच्या झुलाल हवालदाराची. लढाईत तो इटलीत होता. तिथे एका म्हाताऱ्याचा बैल चिखलात रुतला, तो झुलालने काढून दिला. म्हाताऱ्याने गोठ्यातली जमीन उकरून लाल दारूच्या दोन बाटल्या काढल्या. दोन्हींवर साल १९०८. एक दोघांनी तिथेच संपवली. दुसरी झुलालच्या हातात देऊन म्हाताऱ्याने खुणांनी सांगितलं, घरी गेल्यावर जिवाभावाच्या माणसासमोर उघड. त्या चवीबद्दल झुलाल इतकं बोलला, की सोनगीरची निम्मी माणसं न पिताच ती ओळखत होती.

तो घरी आला आणि मागोमाग दारूबंदी आली. मग अख्ख्या खानदेशात पोलीस जिथे दारू शोधणार नाहीत अशी एकच जागा त्याला सुचली. रिखबचंद त्याचा शाळेतला दोस्त, आणि जैन. पाणीसुद्धा गाळून, उकळून पिणारा. शेठने आधी कानांवर हात ठेवले. पण अमानत म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

एकाहत्तर साली झुलालला दारूचं परमिट मिळालं. रविवारी दुपारी, दुकान बंद करून आम्ही तिघे बसलो. मला साक्षीला बोलावलं होतं. झुलालने सायकलवाल्याकडून पकड आणि लांब स्क्रू आणला होता. बुचावरची लाख फोडली, स्क्रू टेकवला, तर बूच आपण होऊन बाहेर आलं. इटलीत दोन माणसं लागली होती, असं झुलाल बूच न्याहाळत म्हणाला.

शेठने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"झुलाल, तुझी अमानत दरसाल बोटभर कमी होत होती. धुळ्याचा उन्हाळा. पण लोक काय म्हणतील? शेठने प्यायली? मग दर दिवाळीच्या साफसफाईला मी दाभणाने बूच काढायचो, वर पाणी घालायचो आणि लाख लावायचो. पाणी माझ्या माठातलंच, गाळलेलं, उकळलेलं. आज मोजून घे, थेंब कमी नाही."

बावीस दिवाळ्या झाल्या होत्या. मी मनात बोटं मोजली आणि आता इटलीचा फक्त बाटलीवर चिकटवलेला कागद उरला असावा, अशा निष्कर्षाला आलो.

 झुलालने दोन कपांत ओतलं, एक माझ्यापुढे सरकवला. मला पहिल्या घोटाला शिळं चिंचेचं पाणी लागलं, दुसऱ्याला नुसतं पाणी. झुलालने मात्र डोळे मिटून सावकाश सगळा कप संपवला. शेठ त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघत होता.

"तीच चव शे, शेठ," झुलाल म्हणाला. "बठ्ठी, पुरी तीच."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो, मान डोलावली. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि आणखी काही हवं का, असं विचारलं.

झुलालने कप पालथा घातला.

"तांब्याभर पानी दे," तो म्हणाला. "उकाळेल नको."