शेवटचे चार किलो

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच जिन्याने चढायला लागला, तेव्हा इमारतीतल्या लोकांची पाचावर धारण बसली. "अहो, लिफ्टवालाच लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, म्हणजे तिचं काही खरं नाही!" तो धापा टाकत नुसता हसायचा. कारण सांगायला छातीत श्वास होता कुठे?

कारण होतं त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, एक दिवसाआड डायलिसिस, अंगाची नुसती काडी उरलेली. दादाची किडनी जुळत होती. पण डॉक्टरांनी आईसमोरच बजावलं, "एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढणार नाही. आधी वजन उतरवा." मग काय, दर आठवड्याला पोटात इंजेक्शन, पहाटे चालणं, कामावर जिने आणि संध्याकाळी आईने केलेलं वाटीभर सूप. आणि हा तर जेवायला बसला की पातेलं रिकामं करून उठणारा गडी! इंजेक्शनाने भूक मेलीच, तोंडाची चवही गेली. मळमळायचं, पाय लटपटायचे, पण पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही.

वजन भराभर उतरलं आणि शेवटच्या चार किलोंवर येऊन अडलं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. तो आणखी चालला, दुपारचं जेवण निम्म्यावर आणलं. काटा ढिम्म हलेना. इकडे धाकटा दिवसेंदिवस खंगत चाललेला. "फार थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "लपूनछपून काही खाता का?" बिचारा शरमेने अर्धा झाला, वजन मात्र तेवढंच.

एकदा मळमळ फारच झाली म्हणून सूप तसंच राहिलं. सकाळी त्याने फ्रीज उघडला, तर वाटीवर लोण्याचा बोटभर जाड थर गोठलेला. चमच्याने तो बाजूला केला, तर खाली वाटलेल्या काजूंचा दाट लगदा.

आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

"आई, हे काय आहे?"

"अशक्त होशील म्हणून घातलं थोडं."

"थोडं?"

ती पुन्हा भाजी चिरू लागली. प्रत्येक खेपेला डॉक्टरांकडे तीच तर सोबत यायची. न कळण्यातली ती नव्हतीच. त्याला रागही आला आणि भीतीही वाटली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकट्याने हाक मारली, "दादा, आज काटा हलला का रे?"

तो आत गेला. मागोमाग आईही येऊन दारात उभी राहिली. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही रे," तो म्हणाला. "मीच मेला हावरट. कामावर चोरून खातो. जीभ ऐकतच नाही."

धाकटा हसला. "लहानपणी माझ्या ताटातलंही पळवायचास. जाऊ दे दादा, नाही जमत तर नाही जमत. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"तो नाही खात," आई एकदम म्हणाली. "मी घालते. लोणी, काजू, जमेल ते. तुझ्या बाबांना ऑपरेशनला आत नेलं ते परत आलेच नाहीत. एक पोरगा असा अंथरुणाला खिळलाय, आता धडधाकट आहे त्याच्याही पोटावर सुरी चालवायची? दोघंही गेले तर मी काय करू? माझा धीरच होत नाही रे."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे आई," तो हळूच म्हणाला, "तू मला आधीच सोडून दिलंस?"

आई दारातून पुढे आली नाही. दादा भावाच्या उशाशी बसला. "महिनाभर तग धर," तो म्हणाला. "माझं जेवण आता मीच करीन."

धाकट्याने मान हलवली, पण त्याचे डोळे आईवरच होते.