चुन्याखालची रेघ

तालुक्याहून आलेल्या मंजुनाथ साहेबांनी अंगणवाडीच्या दारात उभं राहून आधी फोनवर सगळ्या जगाचा नकाशा दाखवला. कुठं भूकंप, कुठं वादळ, कुठं पूर; लाल, पिवळं, हिरवं. मग बोटांनी मोठा करत करत तो मुडबीच्या अलीकडच्या सुधारानीच्या गावावर आणला. गाव हिरवंगार होतं. ओढ्याकाठची अंगणवाडीसुद्धा.

"लाल ठिकाणच्या अंगणवाड्या उंचावर हलवणार. हिरव्या आहेत तिथंच राहतील. आज यादी पक्की होते."

सुधारानीनं कडेवरच्या निलम्माला घट्ट धरलं. पोर तीन वर्षांची, रोज त्याच अंगणवाडीत बसायची.

"हे हिरवं कुणाला विचारून केलं, साहेब?"

"थोडं उपग्रहावरून, अक्का. थोडं गावात विचारून. उन्हाळ्यात ह्या अप्पांनीच सांगितलं, इथं पाणी चढत नाही."

ती सासऱ्याकडं वळली. "मामा, गेल्या साली पुरात पोरं खिडकीतून काढली. निलूला तर तुम्हीच खांद्यावर घेतलं हुतं! असं कामून सांगितलं?"

"हळू बोल," अमृतप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "धाकट्याला बघायला उद्या पावणे यायलेत. पुराच्या गावात पोरगी कोण देतंय?"

"आन् नात बसवायला चालतंय व्हय?"

"लई शिकलीस तू."

"व्हय, शिकले! म्हणून तर तो हिरवा रंग मला वाचता यायलाय."

साहेब अवघडले. "अक्का, पाण्याची काही खूण दाखवा. भिंत तर पांढरीशुभ्र आहे."

असणारच. पाहुण्यांची वाट अंगणवाडीवरून, म्हणून अमृतप्पांनी परवाच स्वतः उभं राहून चुना मारून घेतला होता. गावानं कौतुक केलं. सुधारानीनंही केलं होतं, आणि आता त्याचाच तिला जास्त संताप आला.

तिनं शेजारच्या परसातलं खुरपं उचललं आणि भिंतीला भिडवलं. चुन्याच्या खपल्या डोळ्यात, केसात उडाल्या. खाली गाळाची तपकिरी रेघ निघाली. तिनं निलम्माला भिंतीला टेकवून उभं केलं. रेघ पोरीच्या डोक्यावर दोन वीत.

"काढा फोटो. पोरीसकट काढा."

साहेबांनी काढला. बराच वेळ बोट फिरवलं, मग फोन तिच्यापुढं धरला. ओढ्याकाठचा ठिपका लाल झाला होता.

"झालं न्हवं मनासारखं?" अमृतप्पा म्हणाले. "ठेव आता ते खुरपं. एवढं खरवडलेलं मी सकाळी झाकून घेतो."

सुधारानीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. पदर खोचला आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत सगळी भिंत खरवडायला घेतली.