भाग्यश्री एकटी गोंदियाला जाते

संध्याकाळच्या पॅसेंजरमधून भाग्यश्री उतरली नाही.

अर्जुनी मोरगावच्या फलाटावर गाडी थांबली, बाजार करून आलेली माणसं पिशव्या सावरत उतरली आणि फाटकाकडे पांगली. हिरालाल पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रत्येक खिडकीत डोकावत गेला. गाडी सुटली, तरी तो डब्यांकडे बघतच राहिला.

"बायांच्या डब्यात पाह्यलं का?" सुशीलाने विचारलं.

"पाह्यलं."

"मंग पोरगी कुठी गेली?"

काहीतरी बिनसलंय हे हिरालालला दुपारीच कळलं होतं आणि ते त्याने बायकोपासून लपवलं होतं.

भाग्यश्री दहावीत होती. शाळेतून निवृत्त झालेले शालीकराम गुरुजी दर रविवारी दहावीच्या पोरांच्या आईबापांना शाळेच्या व्हरांड्यात जमवत. पोरांना नव्हे, आईबापांना. ते म्हणत, "पोरं मार्क मिळवतीलच. पण कॉलेजात गेल्यावर वर्ग कुठे आहे, कोणाला विचारायचं, गाडी चुकली तर काय करायचं, हे तुम्ही शिकवलंय का? की सगळं तुम्हीच करून देता?" पहिल्याच रविवारी त्यांनी सोबत आलेल्या भाग्यश्रीला विचारलं होतं, "पुढे काय शिकायचं ठरवलंस, बाळ?" आणि हिरालाल म्हणाला होता, "सायन्स, गुरुजी."

"तुमचंही ॲडमिशन घ्यायचंय का, हिरालालभाऊ?" गुरुजी म्हणाले होते. सगळे हसले. भाग्यश्री मात्र हसली नव्हती.

तिला अकरावीला गोंदियात हॉस्टेलवर राहायचं होतं. सुशीलाची तयारी होती. हिरालालचं म्हणणं, गावात कॉलेज आहे, तेच बरं. वाद मिटेना, तेव्हा गुरुजींनी तोडगा काढला. परीक्षेआधी एका शनिवारी तिने एकटीने गोंदियाला जावं, कॉलेज आणि हॉस्टेल बघावं, मनातले प्रश्न तिथल्या माणसांना विचारावेत आणि परत यावं. आईबापांनी मध्ये फोन करायचा नाही. गरज पडली तर ती करेल. नीट परत आली तर गोंदिया, नाही तर गाव. हिरालालने सगळ्यांसमोर मान डोलावली.

आणि त्याच रात्री त्याने दुलीचंदला फोन केला.

दुलीचंद गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्याचा माणूस. हिरालालच्या किराणा दुकानात टेम्पोने माल पोचवायचा. तो यायचा तेव्हा भाग्यश्री शाळेत असायची, त्यामुळे ती त्याला ओळखत नव्हती. हिरालाल त्याला म्हणाला, "स्टेशनापासून तिच्या मागं राहा. तिले समजू देऊ नको. गाडीत बसली का मले सांग."

शनिवारी दुपारी दुलीचंदचा फोन आला. "सेठ, लड़की लेडीज वेटिंग रूम में गई है. बहुत देर हो गई, बाहर आई नहीं."

"डोकावून पाह्य ना."

"मैं कैसे देखूँ सेठ, लेडीज है. मारेंगे मेरेको."

पुढचा तासभर हिरालाल दुकानामागे उभा राहून फोनवरच होता. दुलीचंदने एका बाईला आत पाठवलं. आत तशी मुलगी नव्हती. तिथून हलू नको, असं हिरालालने त्याला बजावलं.

तरीही पोरगी गाडीत चढली असेल, अशी आशा हिरालालने धरली होती. आता गाडीही येऊन गेली होती.

"फोन लावा," सुशीला म्हणाली. तिचा फोन भाग्यश्रीकडे होता. हिरालालने लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

फाटकातून शालीकराम गुरुजी येताना दिसले. काठी टेकत, पोरीचं कौतुक करायला म्हणून मुद्दाम आले होते. दोघांचे चेहरे बघून ते थांबले.

"नाही आली?"

"ठाण्यात जाऊ," सुशीला म्हणाली. "गुरुजी, तुमच्या भरवशावर पाठवली मी."

"हो बाई, माझ्याच शब्दावर पाठवलीत. जाऊ आपण ठाण्यात, मी येतो." गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "फक्त एक सांगा. गाडी चुकली तर काय करशील, असं तिला विचारलं होतं?"

"विचारलं होतं मी. म्हणे, बसनं कोहमाऱ्याले उतरीन, तिथून नवेगावकडची दुसरी बस धरीन. तर हे मंधातच बोलले, गाडी कायले चुकते म्हणून."

"मग आधी बसस्टँडवर जाऊ. नवेगावच्या जंगलात फोन लागतच नाही. ती त्या रस्त्यावर असेल."

हिरालालला सांगायचं होतं की गाडी चुकलेली नाही, पोरगी गाडीच्या वेळेआधीच स्टेशनातून नाहीशी झाली आहे. ते सांगायचं तर दुलीचंदचं नाव घ्यावं लागलं असतं. रस्ताभर ते वाक्य त्याच्या ओठांवर येत होतं आणि तो ते गिळत होता. सुशीला पुढे जवळजवळ धावत होती. तिच्या पायातली एक चप्पल निसटली, ती तिने हातातच घेतली.

बसस्टँडवर अंधार उतरला होता. कंट्रोलरने सांगितलं, कोहमाऱ्याकडून एक गाडी यायची आहे. ती आली नाही तर ठाणं, असं ठरलं. जानेवारीची थंडी होती, तरी हिरालालच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. खिशातला फोन थरथरला. दुलीचंद. त्याने तो कापला.

"कोनाचा?" सुशीलाने विचारलं.

"मालाचा."

बसचे दिवे वळणावर दिसले. दार उघडलं. दोन म्हातारे उतरले, एक बाई लेकराला घेऊन उतरली, आणि तिच्यामागून भाग्यश्री उतरली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. आईला बघताच तिने ओढणी सोडली.

सुशीलाने हातातल्या चपलेसकट तिला दोन्ही दंडांना धरलं. "काऊन उशीर केला? गाडीनं काऊन नाही आली? फोन काऊन नाही केला?"

"केला होता. बाबाचा फोन बिझीच सांगे. चार खेपा लावला. मंग जंगल लागलं." भाग्यश्रीने श्वास घेतला. "आई, एक मानूस माह्या मागं होता. लाल स्वेटर घातलेला. स्टेशनापासून. कॉलेजच्या गेटवर तोच, हॉस्टेलच्या समोर तोच. मी थांबली का तो थांबे. मले लय भेव वाटलं. गाडीत बसली असती तर तोही बसला असता. म्हनून मी बायांच्या खोलीत गेली. तिथं मजुरीच्या कामाच्या बाया होत्या, बसस्टँडवर जानार होत्या. त्यांले सांगतलं. त्यांनी मले मंधात घेतलं, ओढनी बांधून देल्ली, आन् त्याच्या समोरूनच बाहेर काढलं. त्याले समजलंच नाही."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सुशीला मात्र बदलली होती. महिनाभर गोंदियासाठी नवऱ्याशी भांडणारी बाई आता पोरीला छातीशी धरून म्हणाली, "बस झालं. नोको ते गोंदिया. हे म्हनत होते तेच खरं. गावातच शीक बाई."

"चूक माझी," गुरुजी हळू म्हणाले. "मी घाई केली."

हिरालाल उभा होता. त्याला हवं होतं ते सगळं आपोआप त्याच्या पदरात पडलं होतं. बायको म्हणत होती, गुरुजी म्हणत होते. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. दुलीचंदला उद्या दटावलं की झालं. कोणाला कधी कळलं नसतं.

त्याने पोरीकडे पाहिलं. ती वाद घालत नव्हती, रडतही नव्हती. आईच्या खांद्यावरून ती रिकाम्या बसकडे बघत होती. तो माणूस आपल्या मागे का लागला, आपलं काय चुकलं, हेच ती शोधत असणार. आता गल्लीतून जातानाही ती मागे वळून बघेल, असं त्याला वाटलं.

"तो दुलीचंद होता," हिरालाल म्हणाला.

"कोन?"

"लाल स्वेटरवाला. आपला माल आनते तो. म्याच पाठवला होता त्याले, भाग्यश्रीच्या मागं."

बसचा कंडक्टर दार लावून निघून गेला.

"तुमी?" सुशीला म्हणाली. "अन् तिथं फलाटावर मी मरून राहिली होती, तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"थू तुमच्या जिंदगीवर."

हिरालालने मान खाली घातली. मग तो पोरीकडे वळला. "तू काही चुकली नाहीस, माय. मी चुकलो. तू एकटी गेली, अन् नीट परत आली. ठरलं होतं तसंच. जूनमधी गोंदियालेच जाशील."

भाग्यश्रीच्या डोळ्यांत आता पाणी आलं. ते रागाचं होतं.

"मले वाटलं आता उचलून नेते मले," ती म्हणाली. "अन् तो तुमचा मानूस."

"चुकलो ना, माय."

फोन पुन्हा थरथरला. हिरालालने तो कापण्याआधी भाग्यश्रीने हात पुढे केला. त्याने निमूट तिच्या हातात दिला.

"सेठ, मैं अभी भी वेटिंग रूम के बाहरच खड़ा हूँ," पलीकडून रडवेला आवाज आला. "सब बाया मेरेको घूर रही. पुलिस में बोलूँ क्या?"

"काका, मी भाग्यश्री बोलून राहिली. घरी पोचली मी. तुमी बी जा घरी."

फोन बंद करून तिने तो बापाला दिला.

"हॉस्टेलच्या मॅडमनं सगळं सांगतलं," ती आईला म्हणाली. "शनिवारी घरी येता येते. बाकी घरी सांगीन." मग बापाकडे न बघता म्हणाली, "तुमच्यासंगं मी बोलनार नाही."

"किती दिवस?"

"पाहीन," भाग्यश्री म्हणाली, आणि आईच्या हातातली चप्पल घेऊन तिच्या पायापुढे ठेवायला वाकली.