टप बसलेली फोर्ड

केळव्यात एक काळ असा होता, की लग्नाची तिथी भटजींना विचारण्याआधी भगवंत राऊतांना विचारत. भगवंत राऊत म्हणजे गावाचे अण्णा. त्यांची गाडी त्या दिवशी मोकळी असेल, तरच पुढचं बोलणं.

गाडी फोर्ड होती, अमेरिकन, चाळीस सालची. लढाई संपल्यावर डहाणूच्या एका इराणी बागाईतदाराकडून अण्णांनी ती घेतली, तेव्हा अर्धं गाव तिला बघायला आलं होतं. रंग काळपट हिरवा, नागवेलीच्या जुन्या पानासारखा. पुढचं बॉनेट होडीच्या नाळेसारखं निमुळतं आणि दोन्ही बाजूंना पायदानं इतकी रुंद, की वऱ्हाडातली चार पोरं त्यावर उभी राहून जात. पालघर स्टेशन ते माहीम-केळवे हे तिचं रोजचं काम. सकाळी विड्याच्या पानांचे करंडे स्टेशनावर पोचवायचे, संध्याकाळी उतारू आणायचे, अडलेली बाई असली तर मध्येच दवाखाना गाठायचा. पण तिचा खरा थाट लग्नसराईत. बॉनेटला झेंडूची माळ लावून गाडी मांडवासमोर उभी राहिली, की नवरीच्या आईचे डोळे भरून येत. त्या गाडीत बसणं म्हणजेच सासरी जाणं, अशी गावाची समजूतच झाली होती.

अण्णांची सुलू तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. प्रत्येक नवरी गाडीत बसताना ती ओटीच्या पायरीवरून डोळे मोठे करून बघायची. एकदा तिनं विचारलं, "अण्णा, मलापण ह्याच गाडीतून पाठवाल?" अण्णांनी तिला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं आणि सांगितलं, की तुला दुसऱ्या कुठल्या गाडीत बसूच देणार नाय. शेजारच्या वाडीतले धर्माजी तिथंच पान लावत बसले होते. ते म्हणाले, "म्हंजे पोरीच्या लग्नात तू बाप रे, का डायवर? एक कायते ठरव." सगळे हसले. अण्णाही हसले. पण शब्द तो शब्दच. तो त्यांनी मनात जपून ठेवला.

मग एस.टी. आली. उतारू तिकडे वळले. फोर्डचे भाग मिळेनासे झाले आणि खाऱ्या वाऱ्यानं पत्रा आतून खायला घेतला. अण्णांनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली गाडी साठ साली पालघरच्या एका भंगारवाल्यानं दोर लावून ओढत नेली. त्या दिवशी अण्णा वाडीतून घरी आलेच नाहीत. सुपारीच्या झाडांना पाणी घालत राहिले. झाडांना आदल्या दिवशीच पाणी झालं होतं, हे त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी, पाहिलं.

पुढे तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं. अमेरिकेहून इंजिनियर आले, समुद्राकाठी त्यांच्या बंगल्यांची वसाहत झाली. अण्णांना तिथं जीप चालवायची नोकरी लागली. बेकर नावाचे एक उंच, अबोल साहेब होते, त्यांना ने-आण करायची. साहेबांचं हिंदी तोडकंमोडकं आणि अण्णांचंही तसलंच, त्यामुळे दोघांचं छान जमे.

सदुसष्टच्या वैशाखात सुलूचं लग्न ठरलं. नवरा उमरोळीचा देवू पाटील, केंद्रातच फिटर. नवरा-नवरीसाठी पालघरहून अँबेसेडर सांगायचं ठरलं. सुलू गाडीविषयी चकार शब्द बोलली नाही आणि अण्णांना तेच टोचत होतं. ती रुसली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं वाटलं असतं.

अशातच एका दुपारी साहेबांची पिशवी आत ठेवायला अण्णा बंगल्यात गेले. खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती आणि प्रत्येकावर एकेका मोटारीचं चित्र. टेबलावर हाताएवढ्या दोन मोटारी तयार उभ्या होत्या. साहेबांचं बिऱ्हाड तिकडे अमेरिकेत, इकडे ते एकटे. सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टिकचे तुकडे जोडून मोटारी करत बसत. अण्णांचं लक्ष खालच्या खोक्यावर गेलं आणि हातातली पिशवी हातातच राहिली. तेच निमुळतं बॉनेट, तेच कमानदार मडगार्ड.

"हमारा गाडी," अण्णा म्हणाले.

साहेब जवळ आले. त्यांनी खोक्यावर बोट ठेवलं. "मेरा फादर का गाडी," ते म्हणाले.

मग दोघं खूप वेळ बोलले. साहेब लहानपणी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपून आजोळी जात. ती विकली तेव्हा ते कॉलेजात होते, वडिलांनी पत्रातून कळवलं होतं. अण्णांनी वऱ्हाडाच्या गोष्टी सांगितल्या. साहेबांना किती कळल्या कोण जाणे, पण पायदानावरची चार पोरं कळली, कारण ते मोठ्यानं हसले. सुलूचं लग्न आणि तिला दिलेला शब्दही अण्णांनी सांगून टाकला. साहेबांनी खोकं उचललं, डिंकाची ट्यूब आणि रंगाच्या इवल्या बाटल्या त्यावर ठेवल्या आणि सगळं अण्णांच्या हातात दिलं.

खरी गाडी नाही तर नाही, ही तरी सुलूच्या ओटीत घालायची, असं अण्णांनी ठरवलं. आता शब्द पाळण्याचा एवढाच मार्ग उरला होता.

रविवारी ओटीवर चटई टाकून त्यांनी खोकं उघडलं, तर आत गाडी नव्हतीच. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्यांना, झाडावर शिपुटाच्या घोसाला सुपाऱ्या लगडाव्यात तसे भाग लगडलेले. दाढीच्या पात्यानं एकेक कापायचा, कड घासायची, डिंकाचा टिपूस लावायचा आणि श्वास रोखून धरून ठेवायचं. घाई केली की भाग वाकडा बसलाच. आळीतली मुलं भोवती जमली. अण्णा कुणालाच हाकलत नसत, फक्त सुलू आली की वर फडकं टाकत. इंजिन जोडताना त्यांनी मुलांना दोन्ही हात पुढे करायला लावले. "मनगटं एकमेकांना टेकवा. आता पंजे उघडा, कमळ करतो तसे. अंगठे सोडा. ह्या बाजूला चार बोटं, त्या बाजूला चार. एकेक बोट म्हणजे एकेक पिस्टन. झालं आपल्या फोर्डचं इंजिन. आठही बोटं आळीपाळीनं ढकलतात, म्हणून गाडी धक्का न देता पळते." मुलं बोटं हलवत आळीभर पळत सुटली. तेवढा एकच धडा त्या दिवशी झाला, पण पुरेसा झाला.

स्टिअरिंगपाशी मात्र काम अडलं. खोक्यातल्या नकाशात ते डाव्या बाजूला दाखवलं होतं. तिकडे गाड्या तशाच चालतात. अण्णांनी ते दोनदा लावून पाहिलं आणि दोनदा काढलं. डावीकडे नवरीचा भाऊ बसायचा. चालवणारा उजवीकडे. शेवटी त्यांनी पात्यानं पुढची पट्टी कापली, उलटी केली आणि स्टिअरिंग आपल्या जागी आणलं. साहेबांना हे सांगितलं, तेव्हा ते आपल्या डाव्या खांद्याकडे आणि अण्णांच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, की तुमच्या गाडीत तुम्ही, माझ्या गाडीत माझे वडील.

रंग बाटलीत तयार नव्हता. निळ्यात पिवळा आणि त्यात काळ्याचा थेंब असं करत करत अण्णांनी वेलीच्या पानाचा रंग आणला. लग्नाला आठवडा उरला होता. गाडी पुरी झाली, पण रंग बोटाला चिकटत होता. सुलूला दाखवायची नाही असं सगळ्यांना बजावून अण्णांनी ती फडताळात ठेवली आणि ते कामाला गेले.

आता गोजराबाईंचं ऐका. त्यांनी फडताळ उघडलं, गाडीला बोट लावलं आणि त्यांना काळजी लागली. हळदीच्या दिवशी रंग ओलाच राहिला तर? केळव्यातल्या बाईला ओल्या वस्तूवर एकच उपाय ठाऊक. सुपारी ओली, उन्हात घाला. बोंबील, पापड, आमसुलं, उशीचा कापूस, सगळं उन्हात. अंगणात पत्र्यावर सुपारी वाळत होती. गोजराबाईंनी पत्र्याच्या मधोमध जागा केली, गाडी ठेवली, कावळ्यांच्या भीतीनं वर जुनं जाळं पसरून बांधलं आणि त्या लाडू वळायला आत गेल्या.

वैशाखाचं ऊन ते. दुपारी जाळं काढलं, तर रंग खडखडीत वाळला होता. चाकं शाबूत होती, बॉनेट शाबूत होतं. पण टप मधोमध खाली बसला होता, कुणी ओल्या मातीच्या मडक्यावर तळवा दाबावा तसा.

संध्याकाळी अण्णा आले, तेव्हा गोजराबाई गाडी पदराखाली घेऊन मागच्या दारी बसल्या होत्या. "मी वाळत घातली," एवढंच त्यांनी सांगितलं. अण्णांनी गाडी हातात घेतली, फिरवून पाहिली. बायकोच्या हाताला जाळ्याच्या गाठी सोडताना लागलेलं त्यांना दिसलं. ते रागावले नाहीत. रागवायलाही अंगात काही उरावं लागतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुसरं खोकं मागवायची तयारी दाखवली, पण ते बोटीनं यायला पावसाळा उजाडला असता. अण्णांनी नको म्हटलं. गाडी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली आणि मनाशी धरलं, की हा शब्द आपल्याच्यानं पाळला जाणार नाही.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे देवळाकडे गेलेले असताना सुलू ओटीवर आली. "अण्णा, माझी गाडी दाखवा ना," ती म्हणाली. "सगल्या आलीनं बघितली, मीच नाय."

अण्णांनी टाळाटाळ केली. पण ती समोर बसूनच राहिली, तेव्हा त्यांनी फडकं सोडलं. सुलूनं गाडी गुडघ्यावर घेतली. स्टिअरिंग उजवीकडे आहे, हे तिनं आधी पाहिलं. मग बसलेल्या टपावरून हळूच बोट फिरवलं.

"अशीच होती," ती म्हणाली.

पोर आपलं समाधान करते आहे, असं अण्णांना वाटलं. ते म्हणाले, "कसली अशीच? आपल्या गाडीचा टप कधी बसला नव्हता."

"तुमी विकलीत तवा नव्हता. मागाहून बसला."

आणि मग तिनं जे सांगितलं, ते सात वर्षांत घरात कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी विकली त्याच साली ती पालघरच्या शाळेत जाऊ लागली होती. भंगाराचं आवार शाळेच्या मागेच होतं. गाडी मुंबईला जाऊन कधीच वितळली असेल, असं अण्णा धरून चालले होते, पण ती तिथंच चिंचेखाली उभी होती. आधी टायर गेले, मग दिवे. एका वादळात चिंचेची फांदी पडून टप बसला. मधल्या सुट्टीत सुलू आणि तिची मैत्रीण हंसा कुंपणातून आत शिरत आणि त्या गाडीत बसून भाकरी खात. मॅट्रिकच्या वर्षी एक दिवस जागा रिकामी दिसली.

अण्णांनी त्या बसलेल्या टपावर बोट ठेवलं. पालघरला जीप घेऊन गेले, तरी ते त्या रस्त्याला वळत नसत, लांबचा फेरा घेत. गाडी तिथं नसेल या खात्रीनं नाही. असलीच तर, या भीतीनं.

"कुठं बसायचीस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या जागेवर. हंसा मागं."

"हॉर्न वाजत होता?"

"तो काढून नेलेला. मी तोंडानं वाजवायची."

अण्णांना हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. "मला सांगायचंस की गो."

"तुमी त्या बाजूला बघत पण नव्हतात. मला वाटलं, नको." सुलूनं गाडी चटईवर ठेवली. "गाडीत मी बसून झाली, अण्णा. तुमी नव्हतात तिच्यात. परवा अँबेसेडर असू दे नायतर बैलगाडी असू दे, तुमी चालवा."

हे मात्र अवघड होतं. मुलीचा बाप वरातीबरोबर सासरी जात नाही. पाठराखीण जाते, भाऊ जातो. उंबऱ्याशी निरोप द्यायचा आणि पाठमोरं व्हायचं, ही रीत. अण्णांनी ती मोडली तर उमरोळीकर काय म्हणतील आणि सुलूलाच पुढे ऐकावं लागेल, असं ते म्हणू लागले. तेव्हा इतका वेळ दाराआड उभ्या असलेल्या गोजराबाई बाहेर आल्या.

"शिवेपर्यंत चालवा," त्या म्हणाल्या. "शिवेपर्यंत गाव आपलाच हाय. तिथवर तुमी बाप. पुढं ज्याची गाडी तो नेईल."

देवूला विचारलं, तर तो म्हणाला, की माझी काय हरकत, सासऱ्यांचा हात माझ्याहून सरळ आहे.

लग्न लागलं, जेवणं झाली. अँबेसेडरच्या तरुण ड्रायव्हरनं किल्ली अण्णांना दिली आणि तो मागून वऱ्हाडाच्या बसमध्ये चढला. अण्णांनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि ते उजव्या दारानं आत बसले. मागे सुलू आणि देवू, पाठराखणीला आलेली नलूआत्या आणि सुलूच्या मांडीवर टप बसलेली हिरवी फोर्ड. गाडी निघाली. वाडीच्या कडेनं, देवळासमोरून, तलावाच्या वळणानं ती इतकी हळू गेली, की पोरं बरोबरीनं चालत होती. आरशात सुलूचा चेहरा दिसत होता. ती रडत होती आणि बाहेर बघत होती, सगळ्या नवऱ्या बघायच्या तशीच. अण्णांनी अशा कित्येक जणींना आरशात पाहिलं होतं, आणि गाडी चालवणाऱ्यानं अशा वेळी मागे वळायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते वळले नाहीत.

माहीमच्या रस्त्यावर शिवेचा दगड आला. अण्णांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरले. मागून बस येऊन थांबली. तरुण ड्रायव्हर धावत आला आणि स्टिअरिंगमागे बसला. अण्णा खिडकीशी वाकले.

"पुढं मोरीवर खड्डा हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्ये घे. आणि ब्रेक एकदम दाबू नको, मागं पोर बसलीय."